उतरायचं तर सगळं घेऊन उतरा



सप्टेंबर सरत आला, सोयाबीन पिवळं पडायला लागलं, की तुमच्या-माझ्या डोक्यात रब्बीचं गणित सुरू होतं. विहिरीला पाणी किती राहील, हरभरा किती करायचा, गहू किती करायचा. याच महिन्यात १२ तारखेला एका माणसाची पुण्यतिथी येते आणि निघून जाते. कुठे फलक लागत नाही, हार पडत नाही. पण तुमच्या घरात आज सकाळी जी पोळी लाटली गेली, तिच्यात या माणसाचा घाम आहे. नाव डॉ. नॉर्मन बोरलॉग. त्यांच्याविषयी आणि त्यांनी जन्मभर पाळलेल्या एका सल्ल्याविषयी आज चार शब्द लिहितो. त्यात माझी एक चूकही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय हा सल्ला तुम्हाला सांगण्याचा मला अधिकार नाही.

सोयाबीनच्या बांधावरचा तास

मी कृषी पदविकेला होतो तेव्हाची गोष्ट. २००९ साल. १२ सप्टेंबरला, शनिवारी, अमेरिकेतल्या डलास शहरात बोरलॉग वारले. वय ९५. सोमवारी आमचे पीकशास्त्राचे सर वर्गात आले, खडू हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाले, ‘चला रे, बाहेर.’ विद्यालयाच्या सोयाबीनच्या बांधावर त्यांनी आम्हाला बसवलं आणि पहिलं वाक्य टाकलं, ‘परवा एक पैलवान गेला.’

आम्ही सगळी खेड्यातली पोरं. निम्मी तालमीत घाम गाळून आलेली. आम्हाला वाटलं, कोल्हापूरकडचा कुणी हिंदकेसरी गेला असेल. सर म्हणाले, नाही, गव्हाचा शास्त्रज्ञ गेला. पण तो आधी पैलवान होता, नंतर शास्त्रज्ञ झाला, आणि गव्हाशीसुद्धा तो कुस्तीच खेळला.

ही गोष्ट खरी आहे. बोरलॉग यांचा जन्म २५ मार्च १९१४ चा, अमेरिकेच्या आयोवा राज्यातला. घरची शेती. शाळा एका खोलीची, सगळ्या इयत्ता एकत्र बसायच्या. पुढे क्रेस्को गावच्या हायस्कुलात ते कुस्ती शिकले. त्यांचे वस्ताद होते डेव्ह बार्टेल्मा. या वस्तादांचा आपल्या पोरांना एकच सल्ला असे. त्याचा भावार्थ असा, की देवाने तुला जे दिलं आहे ते सगळंच्या सगळं पणाला लाव, आणि ते जमणार नसेल तर आखाड्यात उतरूच नको.

बोरलॉग नव्वदी ओलांडेपर्यंत हा सल्ला सांगत राहिले. आपल्याला पुस्तकांनी शिकवलं तितकंच त्या वस्तादांनी शिकवलं, असं ते मानत. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कुस्तीच्या मानकरी मंडळींत त्यांची गणना झाली, आणि नोबेल मिळालेल्या या माणसाला त्याचंही अप्रूप होतं.

सल्ल्याचे दोन भाग आहेत, हे ध्यानात ठेवा. पहिला भाग, सगळं पणाला लाव. दुसरा भाग, नाहीतर उतरूच नको. पहिला भाग सगळ्यांना आवडतो. भाषणात टाळ्या त्यालाच पडतात. माझ्या मते आपल्या कामाचा खरा भाग दुसरा आहे. पण आधी पहिला भाग त्या माणसाने कसा पाळला ते पाहू.

जू खांद्यावर घेतलेला डॉक्टर

बोरलॉग आधी शिकले वनशास्त्र. वनखात्यातली नोकरी ठरली होती, पण पैशाअभावी ती लांबली. त्या दिवसांत मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी डॉ. स्टॅकमन यांचं गव्हाच्या तांबेऱ्यावरचं व्याख्यान ऐकलं आणि माणसाची वाटच बदलली. १९४२ मध्ये वनस्पतिरोगशास्त्रात डॉक्टरेट. मोठ्या कंपनीत चांगल्या पगाराची नोकरी. ती सोडून १९४४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथला गहू तांबेऱ्याने झोडपला होता, शेतकरी गव्हाला कंटाळला होता आणि देश बाहेरून गहू आणत होता.

मेक्सिकोच्या वायव्येला सोनोरा नावाचा भाग आहे. तिथे १९४५ मध्ये ते पोहोचले, तेव्हा संशोधन केंद्र ओसाड पडलेलं होतं. खिडक्या फुटलेल्या, उंदीर-घुशींचं राज्य. औजार नाही, जनावर नाही. तेव्हा या डॉक्टरने ओढण्याचे पट्टे स्वतःच्या छातीला बांधून औजार ओढलं, असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे बैल मेला तर गडी जू खांद्यावर घेतो, तसंच. फरक इतकाच, की आपला गडी नाइलाजाने घेतो. यांनी घेतलं, कारण हंगाम थांबत नाही हे त्यांना कळत होतं.

पुढे त्यांनी एक युक्ती काढली. गव्हाचं नवीन वाण तयार करायला तेव्हा दहा-बारा वर्षं लागत. बोरलॉग म्हणाले, वर्षात दोन पिकं घेऊ. हिवाळ्यात सोनोराच्या सखल भागात आणि उन्हाळ्यात टोलुकाच्या पठारावर. दोन ठिकाणांत हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आणि अडीच हजार मीटरहून जास्त उंचीचा फरक. जाणते म्हणाले, बियाण्याला दोन पिकांच्या मधे विसावा लागतो, असं चालत नाही. वरिष्ठांनी नकार दिला, तेव्हा बोरलॉग यांनी राजीनामा पुढे केला. शेवटी डॉ. स्टॅकमन मधे पडले आणि परवानगी मिळाली.

यातून वेळ निम्म्यावर आला. शिवाय ध्यानीमनी नसलेला एक फायदा झाला. दिवस लहान असो की मोठा, दोन्हीकडे टिकेल असा गहू निवडला गेला. म्हणून तो गहू मेक्सिकोतून उचलून पंजाबात लावला तरी रुसला नाही. १९५६ च्या सुमारास मेक्सिको गव्हात स्वयंपूर्ण झाला. नंतर जपानच्या ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हाचं रक्त त्यांनी आपल्या वाणांत आणलं. खत दिलं की उंच गहू लोळायचा. हा बुटका गहू ओंबी भरली तरी उभा राहायला लागला.

१९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एम. एस. स्वामीनाथन आणि त्यांचे सहकारी वाट पाहतच होते. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आणलं. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी हा धोका अंगावर घेतला. १९६४-६५ मध्ये देशात गहू सव्वाशे लाख टनांच्या आत होता, तो १९७० पर्यंत दोनशे लाख टनांवर गेला. आपल्याकडच्या कल्याण सोना, सोनालिका या वाणांचं मूळ त्याच मेक्सिकन सामग्रीत. तुम्ही ज्याला ‘लोकवन’ म्हणता ते लोक-१ वाण गुजरातच्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेतलं. त्याच्याही वाडवडिलांत सोनालिका आहे. म्हणजे बोरलॉग तुमच्या कणगीपर्यंत येऊन गेलेले आहेत.

१९७० मध्ये त्यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ते टोलुकाच्या शेतात होते. पत्नी मार्गारेट गाडी घेऊन सांगायला गेल्या. त्यांना आधी ते खरंच वाटेना. हा माणूस गव्हातच उभा. भारताने २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिलं.

माझी चूक

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वीची. आमच्या भागातले एक वयस्कर शेतकरी. त्यांना इथे आप्पा म्हणू. सोयाबीन काढून त्यांनी १० नोव्हेंबरला एक एकर गहू पेरला. वेळ अचूक. टॅगचं बियाणं, बीजप्रक्रिया केलेली, खताची मात्रा बरोबर. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘साहेब, उगवण विरळ दिसतेय.’ मी म्हणालो, फोटो टाका. त्यांच्या नातवाने फोटो टाकला. जमीन कोरडी वाटली. मी सांगितलं, हलकं पाणी द्या.

बाराव्या दिवशी पुन्हा फोन. मी म्हणालो, बियाण्यात दोष असेल, बिल आणि टॅग जपून ठेवा, तक्रार करू. सतराव्या दिवशी तिसरा फोन आला, तेव्हा मी गेलो.

खुरपं घेतलं आणि तासात उकरलं. बियाणं चार बोटं खोल होतं. उगवलेलं होतं सगळं. पण कोंब मातीखाली पांढरेफटक, वेटोळे घेऊन पडलेले. आदल्या दिवशी त्याच ट्रॅक्टरने शेजारच्या रानात हरभरा पेरला होता. हरभऱ्याला फण खोल लावतात. ड्रायव्हरने गव्हासाठी खोली बदललीच नव्हती. त्यात मी सांगितलेल्या पाण्याने वरची काळी माती थापली गेली आणि जे कोंब वर आले असते तेही अडकले. बियाणं निर्दोष होतं. दोष खोलीचा होता, आणि त्यावर माझ्या सल्ल्याने पाणी ओतलं होतं.

बोरलॉग यांच्या या बुटक्या गव्हाची खोड हीच आहे. ताट आखूड, तसा कोंबही आखूड. जुना बन्शी किंवा खपली खोल पडला तरी वर यायचा. हा येत नाही. म्हणून पाच ते सहा सेंटिमीटरच्या खाली तो पेरायचा नाही. साठच्या दशकात हे वाण आपल्याकडे आले, तेव्हा शास्त्रज्ञांना पेरणीची खोली आणि पहिल्या पाण्याची वेळ दोन्ही नव्याने शिकवावी लागली. आणि गंमत ऐका, हीच गोष्ट मी दर ऑक्टोबरात शेतकरी मेळाव्यात माईकवर सांगतो.

आप्पा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘साहेब, तुम्ही येऊन उकरलं असतं तर आठव्या दिवशीच कळलं असतं ना?’

कळलं असतं. १८ नोव्हेंबरला मोड करून पुन्हा पेरता आलं असतं. २७ तारखेला उशीर झाला होता. १५ नोव्हेंबरनंतर पेरणीला आठवड्याचा उशीर झाला, की हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास उत्पादन घटतं, असं कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत लिहिलेलं असतं. ते वाक्य मी कैक वेळा वाचून दाखवलं आहे. आप्पांनी तुटाळ्या भरल्या, दाणा भरायच्या वेळी ऊन वाढलं, आणि ज्या रानात बारा पोती व्हायची तिथे सात झाली. पाच पोती माझ्या फोनवरच्या सल्ल्याने खाल्ली.

आता तुम्ही म्हणाल, कामचुकार अधिकारी दिसतोय. तसं नव्हतं. ते दहा दिवस मी रात्री अकरापर्यंत काम करत होतो. तीन योजनांची माहिती भरायची होती. लाभार्थ्यांचे फोटो, जागेच्या खुणेसकट. बैठका होत्या. एक दौरा होता. घरच्यांशी धड बोलणं नव्हतं. दमून जात होतो आणि मनात म्हणत होतो, किती तळमळीने काम करतोय मी!

इथेच घोटाळा आहे. दमणं आणि तळमळ या दोन वेगळ्या गोष्टी. मी दहा आखाड्यांत एकाच दिवशी उतरलो होतो. एकातही पूर्ण नव्हतो.

आता याच्या शेजारी बोरलॉग यांची एक गोष्ट ठेवा. १९६५ मध्ये मेक्सिकोहून भारत आणि पाकिस्तानसाठी बियाणं निघालं. वाटेत किती अडथळे! लॉस एंजलिसमध्ये दंगल, बंदरावर उशीर, आणि जहाज निघालं तर इकडे भारत-पाकिस्तान युद्ध. बियाणं कसंबसं पोहोचलं, पेरलं गेलं, आणि उगवण निम्म्याहून कमी दिसू लागली. मेक्सिकोच्या गोदामात धुरी जास्त झाली होती. बोरलॉग तेव्हा उगवण पाहत फिरत होते. कारण ओळखलं आणि लगेच सगळीकडे निरोप दिला, एकरी बियाणं दुप्पट वापरा. हंगाम वाचला. उगवण विरळ त्यांच्याही शेतात होती आणि आप्पांच्याही. फरक बघणारा माणूस बांधावर होता की फोनवर, एवढाच.

दुसरा भाग : नाहीतर उतरूच नको

त्या दिवसापासून मी सल्ल्याच्या दुसऱ्या भागाचा विचार करू लागलो. ‘उतरूच नको’ हे ऐकायला कठोर वाटतं. पण ती मोठी प्रामाणिक गोष्ट आहे. आठव्या दिवशी मी आप्पांना म्हणालो असतो, ‘आप्पा, मला चार दिवस येता येणार नाही. फोटोवरून मी सांगू शकत नाही. तुम्ही स्वतः खुरप्याने उकरून बघा, नाहीतर शेजारच्या जाणत्याला दाखवा,’ तरी त्यांचा गहू वाचला असता. मी ‘नाही’ म्हणालो नाही. अर्धवट ‘हो’ म्हणालो. अर्धवट ‘हो’ने पीक जातं.

शेतकरी मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. रागावू नका.

कष्टाबद्दल मी तुम्हाला शिकवणार नाही. ज्याने रात्री दोनला लाइट आली म्हणून थंडीत पाणी धरलं, त्याला कामाची तळमळ शिकवायला मी कोण? पण दुसरा भाग तुम्हालाही लागू आहे. विहिरीला दोन एकर गव्हापुरतं पाणी आणि पेरणी चार एकरांवर. मग जानेवारीत मोटर आचके द्यायला लागते. चारही एकरांना अर्धं-अर्धं पाणी, आणि चारही एकर चिपाड. हे दरवर्षी मी बघतो. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘रान मोकळं कसं ठेवायचं?’

मोकळं ठेवू नका. तिथे हरभरा करा, करडई करा, ज्वारी करा. पण गव्हात उतरायचं तर गव्हाला जे लागतं ते सगळं घेऊन उतरा. दिवाळीच्या आधी एका दिवशी विहिरीचं पाणी बघा. पाच पाणी देता येतील इतकंच क्षेत्र धरा. मुकुटमुळं फुटतात तेव्हा १८ ते २१ दिवसांनी पहिलं, कांडी धरताना, फुलोऱ्यात, दाणा चिकात असताना आणि दाणा भरताना. तीनच पाणी असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी द्या. दोनच असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी द्या. आणि मग वाणही तसंच घ्या. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं नेत्रावती हे कमी पाण्यासाठीच आहे. सगळ्या पाण्यांत पहिलं पाणी चुकवू नका. मुकुटमुळं एकदाच फुटतात. तेव्हा रान कोरडं असेल तर पुढे कितीही पाजा, फुटवा येत नाही.

आणखी दोन गोष्टी, फुकटातल्या. पेरणीच्या आधी आठवडाभर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. पाच-सहा दिवसांनी उघडा आणि मोजा. पंच्याऐंशीच्या खाली आले तर बियाणं त्या मानाने वाढवा, फारच कमी आले तर बदला. घरचं असो की दुकानातलं, मोजल्याशिवाय रानात टाकू नका. आणि पेरणी सुरू झाली, की पहिल्या दोन तासांनंतर ट्रॅक्टर थांबवा. गुडघे टेका, माती बाजूला करा, दाणा किती खोल पडला ते बोटाने बघा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या. त्याला तासाचे पैसे मिळतात, तुम्हाला वर्षाचा गहू मिळतो.

झाडं बोलतात, पण फार हळू बोलतात, जवळ असेल त्यालाच ऐकू येतं, अशा अर्थाचं बोरलॉग सांगत. आपल्याकडे म्हणतातच, धन्याची नजर हेच खत. दोन देशांतली माणसं एकाच गोष्टीवर आली.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि माझे कृषी खात्यातले भाऊबंद, हा भाग आपला.

स्वामीनाथन यांनी १९६४ मध्ये नव्या गव्हाची राष्ट्रीय प्रात्यक्षिकं घ्यायची ठरवली, तेव्हा ती लहान शेतकऱ्यांच्या रानात घ्यायचा आग्रह धरला. कारण साधं. मोठ्या बागायतदाराच्या रानात पीक जोमदार आलं तर गाव म्हणतं, त्याच्याकडे पैसा आहे, आला असेल. गरिबाच्या दोन एकरांत आलं तर गाव म्हणतं, मग मलाही जमेल. पुढे आफ्रिकेत १९८६ पासून बोरलॉग यांनी जे काम केलं, तेही लहान शेतकऱ्यांच्याच जमिनीवर प्रात्यक्षिकं घेऊन.

आणि आपण? प्रात्यक्षिक कुठे घ्यायचं, तर डांबरी रस्त्याला लागून. म्हणजे साहेबांची गाडी बांधापर्यंत जाते. कोणाकडे घ्यायचं, तर ज्याची कागदपत्रं तयार आहेत त्याच्याकडे. मीही हेच केलं आहे. त्याच चार माणसांची नावं दरवर्षी यादीत, आणि फलक तेवढा नवा. वाडी-तांड्यावरच्या माणसाला तो फलक दिसतसुद्धा नाही.

यंदा एक करून बघू. गावात दहा प्रात्यक्षिकं कागदावर घेण्यापेक्षा तीन घेऊ, पण पेरणी, पहिलं पाणी, फुलोरा आणि काढणी या चारही वेळी तिथे उभं राहू. त्यातलं एक तरी रस्त्यापासून लांबच्या, दोन-अडीच एकरवाल्याच्या रानात घेऊ. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अधिकाऱ्याचा शिवारफेरीचा वार लिहून ठेवू. आणि त्या वारी तो आला नाही, तर गावकऱ्यांनी जाब विचारावा. मला विचारा. मी माझा वार लिहून देणार आहे.

नुसत्या तळमळीने भाव मिळतो का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. बरोबर आहे. गव्हाला भाव नाही, खत महाग, पावसाचा भरवसा नाही, आणि हा साहेब आम्हाला तळमळ सांगतोय. मी प्रामाणिकपणे सांगतो, तळमळीने भाव मिळत नाही. गारपीट तळमळ बघून बाजूने जात नाही. सगळं बरोबर करूनही बुडालेले शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांच्यासमोर असले सल्ले द्यायला तोंड उघडत नाही.

पण बोरलॉग यांची तळमळ शेताच्या बांधावर संपत नव्हती, हेही बघा. नुसत्या बियाण्याने काही होत नाही, खत वेळेवर पाहिजे, कर्ज पाहिजे, पिकाला रास्त भाव पाहिजे, हे ते मंत्र्यांना तोंडावर सांगत. १९६७ मध्ये दिल्लीत नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षांशी, अशोक मेहता यांच्याशी, त्यांचं खतावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. म्हणजे सगळं पणाला लावणं यात भांडणंही आलं. ज्याने आपल्या रानात पूर्ण काम केलं आहे, त्याच्या भांडणाला वजन असतं. तोच नियम मला. बांधावर न गेलेला अधिकारी वरच्या बैठकीत शेतकऱ्यांची बाजू काय मांडणार?

हरितक्रांतीने सगळं भलंच केलं असंही मी म्हणत नाही. पंजाबात भूजल खोल गेलं, रासायनिक खत आणि औषधांची सवय लागली, आणि आपल्या कोरडवाहू ज्वारी-बाजरीला, कडधान्याला त्या क्रांतीतून गव्हाइतकं मिळालं नाही. खुद्द बोरलॉग यांनी नोबेलच्या भाषणात हे यश तात्पुरतं आहे, भुकेविरुद्ध थोडी उसंत मिळाली आहे, असं सांगितलं होतं. त्यांचं सगळंच उचलावं असं नाही. पण काम करण्याची त्यांची रीत उचलण्यासारखी आहे. नव्वदी ओलांडल्यावर, २००५ मध्ये, आफ्रिकेत तांबेऱ्याची नवी जात पसरतेय म्हणून हा माणूस पुन्हा सगळ्या जगाला हलवायला निघाला होता. ज्या तांबेऱ्याच्या व्याख्यानाने सुरुवात झाली, त्याच तांबेऱ्याशी शेवटची कुस्ती.

अखेरच्या दिवसांत कुणी एकाने त्यांना नवीन संशोधनाविषयी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, हे शेतकऱ्यापर्यंत न्या. हेच त्यांचे शेवटचे शब्द, असं नोंदलेलं आहे. आमच्या सरांनी त्या दिवशी सोयाबीनच्या बांधावर हे आम्हाला सांगितलं नव्हतं. ते मी नंतर वाचलं. सरांनी शेवटी एवढंच सांगितलं होतं, ‘पोरांनो, नोकरी लागेल तुम्हाला. खुर्चीत बसाल. पण बुटाला माती लागलेली नसेल, तर त्या दिवशीचा पगार घेताना एकदा विचार करा.’ आम्ही हसलो होतो. तेव्हा आम्हाला नोकरी हवी होती, माती घरी पुष्कळ होती.

गेल्या वर्षी आप्पांनी पुन्हा गहू पेरला. त्या दिवशी मी सकाळीच गेलो. दोन तास पडल्यावर आप्पांनी स्वतः ट्रॅक्टर थांबवला, मला हाक मारली नाही, वाकले आणि बोटाने माती उकरली. मी शेजारी बसलो. दाणा बोटाच्या दोन पेरांवर होता. ‘बरोबर आहे का?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘बरोबर आहे.’ एवढंच आमचं बोलणं झालं. एकविसाव्या दिवशी पहिल्या पाण्यालाही मी होतो.

यंदा तुमच्या शिवारात पेरणी असेल त्या दिवशी मला कळवा. येता येणार असेल तर येईन. येणार नसेन तर तसं स्पष्ट सांगेन, आणि मग तुम्ही माझी वाट न बघता खुरपं घेऊन वाका. फोटो मात्र आता मागणार नाही.

(लेखक पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) आहेत.)